डीएमएस आणि एक ‘ओ’

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेल्या नव्या हेल्परच्या कानावर पहिल्या आठवड्यात जी भाषा पडते ती धड मराठी नसते, हिंदी नसते आणि इंग्रजीही नसते. एमडीसी, ईडीसी, आयपीए, डीएमएफ, टीएचएफ, एमसीबी, पीएनसीबी. बोईसर स्टेशनबाहेर चहा घेता घेता दोन ऑपरेटर बोलत असले, तर शेजारच्याला वाटावं की बँकांची नावं चालली आहेत. ही भाषा कुणी शिकवत नाही, ती कानानं उचलायची. ड्रमवरचं पूर्ण नाव हातभर लांब, त्यात रात्रपाळी, पंप-मोटरांचा आवाज आणि तोंडाला मास्क. अशा वेळी आद्याक्षरं बरी पडतात. सोय म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण नावाचं काम पदार्थाची ओळख सांगण्याचं असतं, आणि आद्याक्षरं करताना नेमकी तीच गाळली जाते.

एमडीसी म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड, ईडीसी म्हणजे एथिलीन डायक्लोराइड. दोन्ही पाण्यासारखी दिसणारी, दोन्ही पाण्याहून जड, दोन्हींना गोडसर वास. एमडीसी साधारण ४० अंशांना उकळतं. मे महिन्यात उन्हात राहिलेल्या ड्रमचं बूच सैल केलं की फस्स आवाज येतो तो त्यामुळे. मात्र ते सहजी पेट घेत नाही. त्याचा धोका श्वासातून आहे, कारण शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो. ईडीसीला उकळायला ८३ अंश लागतात, म्हणजे ते जास्त ‘शांत’ वाटेल. पण त्याची वाफ १३ अंशांच्या वर ठिणगीनं पेटू शकते, आणि बोईसरला पारा १३ अंशांखाली जातो तरी कधी? ‘एम’ आणि ‘ई’ यांतला फरक इतका आहे.

याहून वाईट जोडी डीएमएस आणि डीएमएसओ ही. डीएमएसओ म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड. प्रयोगशाळेत आणि औषधांच्या कारखान्यात सर्रास वापरलं जाणारं, तुलनेनं सौम्य द्रावक. त्यात विरघळलेलं काहीही ते कातडीतून आत नेतं, एवढं जपावं लागतं. कारखान्यात ज्याला डीएमएस म्हणतात ते बहुधा डायमिथाइल सल्फेट असतं. तेलकट, रंगहीन, वास जवळजवळ नाहीच. त्याची वाफ हुंगल्यावर लगेच काही होत नाही, आणि तीच त्याची खोड. पाळी संपते, माणूस घरी जाऊन जेवतो, झोपतो आणि काही तासांनी डोळे, घसा, फुप्फुसं पेटल्यासारखी होतात. आता गोंगाटात वरच्या मजल्यावरून खाली ओरडून मागणी सांगताना शेवटचा ‘ओ’ किती जणांना ऐकू जाईल? आणि आपल्याकडे ‘ओ’ ही हाकही आहे. ‘डीएमएस, ओ!’ असं ऐकलं तर त्यात पदार्थ कोणता आणि हाक कोणती?

वाहतुकीच्या नियमांनी यावर एक उपाय काढलेला आहे. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळणाऱ्या टँकरच्या मागे आणि बाजूंना एक फलक असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार त्यावर पदार्थाचं शास्त्रीय नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक, धोक्याच्या वर्गाचं चिन्ह आणि आपत्कालीन फोन नंबर लागतो. असा माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, असंही त्याच नियमांत आहे. १२३० म्हणजे मिथेनॉल, ११७० म्हणजे इथेनॉल, १०१७ क्लोरीन, १२९४ टोल्युइन. आकड्याला उच्चार चुकण्याची भीती नाही, तो उत्तर प्रदेशच्या चालकालाही तोच आणि मनोरच्या पोलिसालाही तोच. पण आकड्यावर सगळी भिस्त ठेवावी, तर एमडीसी आहे १५९३ आणि डायमिथाइल सल्फेट १५९५. तेव्हा नावाला पर्याय नाही. ते वाचता आलं पाहिजे, आणि वाटतं त्याहून कमी कष्टात ते समजतंही.

रसायनाचं नाव हा समास असतो. शाळेत तत्पुरुष शिकताना सांगितलेलं असतं की शेवटचं पद प्रधान. राजवाडा हा वाडा असतो, राजा नसतो. रसायनाच्या नावाचंही तसंच आहे. शेवटी काय आहे ते आधी पाहायचं आणि मग उलट डावीकडे सरकत जायचं. शेवटी ‘-ऑल’ असेल तर अल्कोहोलच्या किंवा फिनॉलच्या घराण्यातला, ‘-ओन’ असेल तर कीटोन, ‘-अमाइन’ असेल तर अमोनियाचा नातलग. ‘-आइड’, ‘-आइट’, ‘-एट’ या तीन शेपट्या तर सर्वांत महत्त्वाच्या. सोडियम सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये आहे, सल्फेटमध्ये आणखी जास्त आहे. सोडियम सल्फेट हे कापड रंगवताना लागणारं मुकाट मीठ. सोडियम सल्फाइडवर आम्ल पडलं, तर हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा, पण प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजणारा फसतो. या शेपट्यांची शिस्त लावली ती लव्हाझिए, गिटाँ द मोर्व्हो, बर्थोले आणि फूर्क्रुआ या चार फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी, १७८७ साली. त्याआधी नावं मनाला येतील तशी पडत. सवा दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकाचा धागा आजही बोईसरच्या गोणीवर छापलेला असतो.

आता मधले तुकडे. ‘मोनो’ एक, ‘डाय’ दोन, ‘ट्राय’ तीन, ‘टेट्रा’ चार. ‘मिथाइल’ म्हणजे एका कार्बनचा तुकडा, ‘इथाइल’ दोन कार्बनचा. हा एका कार्बनचा फरक काय करतो ते मुंबईनं २०१५ च्या जूनमध्ये पाहिलं. मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. इथेनॉलचं यकृतात शेवटी ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि शरीर ते पचवतं. मिथेनॉलचं होतं फॉर्मिक आम्ल, मुंगीच्या चाव्यातलं, आणि ते आधी डोळ्यांची नस मारतं. दोन्हींवर काम करणारं विकर एकच. म्हणूनच मिथेनॉल पोटात गेलेल्या रुग्णाला रुग्णालयात कधी कधी शुद्ध इथेनॉल देतात. विकर त्यात गुंतून राहतं आणि मिथेनॉल तसंच बाहेर पडायला वेळ मिळतो.

‘ऑर्थो’, ‘मेटा’, ‘पॅरा’ हे तीन शब्द तारापुरात शाळा न शिकलेल्यांच्याही तोंडी आहेत. बेंझीनचं कडं सहा कार्बनांचं. सहा पोरं रिंगण धरून बसली आहेत असं समजा. एकाच्या डोक्यावर क्लोरीनची टोपी. दुसरी टोपी, म्हणजे नायट्रो गट, शेजारच्याला मिळाली तर ऑर्थो, एक सोडून मिळाली तर मेटा, समोरच्याला मिळाली तर पॅरा. टोप्या त्याच, पोरं तीच, बसण्याची जागा वेगळी. क्लोरोबेंझीनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की साधारण एक तृतीयांश ऑर्थो आणि बाकी बहुतेक पॅरा असं मिश्रण हाती येतं. पॅरा वितळतं ८३ अंशांच्या आसपास, ऑर्थो ३२-३३ अंशांना. त्यामुळे थंड करत गेलं की पॅराचे खडे आधी जमतात आणि वेगळे काढता येतात. कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात ऑर्थोचा ड्रम सावलीतही पातळ होतो, पॅराचा मात्र घट्ट राहतो. जागा बदलली म्हणजे काय होतं, हे फळ्यावरच्या षट्कोनापेक्षा या दोन ड्रमांवर अधिक चांगलं कळतं.

हा पॅरा घरोघरी आहे. पॅरासिटामॉल हे नाव फोडलं तर निघतं पॅरा, ॲसिटिल, अमिनो, फिनॉल. मधली अक्षरं गाळून उरलं ते ‘पॅर-ॲसिट-अम-ऑल’. अमेरिकेत याच गोळीला ॲसिटामिनोफेन म्हणतात. तुकडे तेच, फक्त त्यांनी वेगळी अक्षरं राखली. शेवटी फिनॉल, म्हणजे मूळ कडं फिनॉलचं. त्याच्या समोरच्या जागेवर, म्हणजे पॅराला, अमिनो गट. त्या अमिनोच्या डोक्यावर ॲसिटिल. नाव म्हणजे गोळी तयार करण्याची कृतीच आहे म्हणा ना. एका प्रचलित रीतीत पीएनसीबीपासून, म्हणजे पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीनपासून, सुरुवात होते. कॉस्टिकनं त्यातला क्लोरीन घालवून पॅरा-नायट्रोफिनॉल, त्यातल्या नायट्रोचं अमिनो करून पॅरा-अमिनोफिनॉल, आणि शेवटी ॲसिटिक ॲनहायड्राइड घालून पॅरासिटामॉल. तापाला गोळी घेताना हे आठवलं नाही तरी चालेल. पण ज्याला हे नाव फोडता आलं, त्याला कुठल्याही नावाची धास्ती राहू नये. जाता जाता सांगायला हवं की फिनॉल, फेनिल आणि संडासात टाकायचं फिनेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पदार्थ, दुसरा रेणूचा तुकडा, तिसरा बाजारी माल.

सगळीच नावं अशी शिस्तीची नसतात. काही जुनी आहेत, नियमांच्या आधीची, आणि मला तीच अधिक आवडतात. कारण ती उघडली की आपलंच घर दिसतं. रंगांच्या धंद्यात ॲनिलीनवाचून पान हलत नाही. १८४० मध्ये फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञानं निळीपासून हा पदार्थ मिळवला आणि निळीच्या झाडाच्या पोर्तुगीज नावावरून, ‘अनिल’वरून, त्याला ॲनिलीन म्हटलं. पोर्तुगीजांनी तो शब्द अरबांकडून घेतला होता आणि अरबांकडे तो आला संस्कृत ‘नील’ वरून. ‘ॲनिलीन’ म्हणताना बोईसरचा ऑपरेटर नीळच म्हणत असतो. पायपरझीनचंही तेच. सिप्रोफ्लोक्सासिनसारख्या प्रतिजैविकांत हा तुकडा असतो. त्याचं मूळ पायपरिडीन, त्याचं मूळ पायपरीन, हे मिरीतलं तिखट द्रव्य, आणि ‘पायपर’चं मूळ आपली पिप्पली. बेंझीनच्या नावात लोबान आहे. अरबी ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा ऊद, याचा युरोपात अपभ्रंश होत ‘बेंझोइन’ झाला आणि त्यातून बेंझीन. अमोनिया आणि अमिनो यांचं नातं नवसागराशी. इजिप्तच्या अमुन देवाच्या देवळाच्या परिसरातलं मीठ म्हणून नवसागराला ते नाव पडलं. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा तेव्हा नाकाला झोंबायचा तो अमोनियाच.

मेंडेलेव्हनं तर सरळ संस्कृत अंकच उचलले. आवर्त सारणीत ज्या मूलद्रव्यांच्या जागा रिकाम्या होत्या, त्यांना त्यानं एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन अशी तात्पुरती नावं दिली. ‘एका’ म्हणजे आपलं ‘एक’, त्या मूलद्रव्याच्या पुढची पहिली जागा. ती पुढे १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम म्हणून सापडली.

उच्चाराचं काय? मराठी माणसाला यात एक मोठी सवलत आहे, ती त्याच्या ध्यानात येत नाही. देवनागरीत अक्षर फोडून वाचायची आपली सवय या नावांना नेमकी लागू पडते. मोजक्या खाचा तेवढ्या माहीत हव्यात. ग्रीकमधून आलेला ‘सी-एच’ हा ‘क’ वाचायचा. म्हणून क्लोरीन, क्रोमियम, आणि म्हणूनच ‘कायरल’, ‘चायरल’ नव्हे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘पी’ पुढे ‘एस’, ‘टी’ किंवा ‘एन’ असेल तर मुका. स्यूडोमोनास, टेरिडोफायटा, न्यूमोनिया. थॅलिकच्या इंग्रजी स्पेलिंगकडे पाहून पोरं ‘फ्थॅलिक’ म्हणत धडपडतात. त्यातली पहिली दोन अक्षरं चक्क सोडून द्यायची. हा शब्द नॅफ्थॅलीनमधून पहिला तुकडा तोडून केलेला आहे, म्हणून त्याचं तोंड असं फाटकं. मिथाइल की मिथिल, ॲनिलीन की ॲनिलाइन, यावर मात्र वाद घालू नये. लंडनला एक चालतं, न्यूयॉर्कला दुसरं. इथेन, इथीन, इथाइन यांत चूक चालत नाही, कारण तिथे स्वरावर बंधांची संख्या ठरते. आणि एके ठिकाणी देवनागरीही कमी पडते. बेंझीन हा एक ठरावीक पदार्थ, कर्करोगाला कारण ठरणारा. बेंझिन म्हणजे पेट्रोलियममधून निघणारं मिश्रण. ऱ्हस्व-दीर्घाच्या भरवशावर इथे राहू नये, पूर्ण विचारावं.

जीवशास्त्रातल्या नावांची गोष्ट निराळी. तिथे बोलणारं कुणी उरलेलंच नाही. लॅटिन ही कुणाचीच मातृभाषा नाही, त्यामुळे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एक उच्चार करतो, इंग्रज दुसरा, आणि दोघांचं बिनबोभाट चालतं. प्रत्येक स्वर म्हणावा, एवढा नियम पुरे. सातपाटीच्या बंदरावर जाऊन पाहिलं तर ही नावं काही फार परकी वाटत नाहीत. पापलेट, २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा, शास्त्रात आहे पँपस अर्जेंटियस. अर्जेंटियस म्हणजे रुपेरी. चांदीची रासायनिक खूण ‘एजी’ ही त्याच अर्जेंटमची. बोंबलाचं नाव हार्पॅडॉन नेहेरियस. ‘हार्पे’ म्हणजे विळा आणि ‘ओडॉन’ म्हणजे दात. ताज्या बोंबलाचा जबडा बोटानं उघडून पाहिलात तर आत वळलेले बारीक सुयांसारखे दात दिसतील, नाव तिथूनच आलं. घोळ मासा प्रोटोनिबिया डायअकँथस. ‘डाय’ तोच, डायक्लोराइडमधला, आणि ‘अकँथस’ म्हणजे काटा. दोन काट्यांचा. २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ लागले आणि सव्वा कोटीच्या वर रक्कम आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हे लॅटिन नाव छापलं होतं. ज्यानं ‘एमडीसी’ उलगडून पाहिलंय, त्याला त्यातलं निम्मं आपोआप कळायला हरकत नव्हती.

झाडांचंही तसंच. पळस हा ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनो एक, स्पर्मा बी. पळसाची वाळकी शेंग उचलून बघा, सबंध शेंगेत टोकाला एकच चपटी बी असते. ताड बोरॅसस फ्लॅबेलिफर, म्हणजे पंखे धारण करणारा. केळवे, माहीमच्या वाटेवरच्या ताडांकडे पाहून आणखी काय म्हणणार? मोहाच्या नावात आधीच मधुक आहे, मधुका लाँगिफोलिया. लाँगिफोलिया म्हणजे लांब पानांचा. पण जव्हार-मोखाड्याकडे जो सापडतो त्याला लिहितात मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया, आणि लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानांचा. लांब पानांच्या झाडाचा रुंद पानांचा प्रकार! शास्त्रज्ञांनाही नावं देताना सगळं जमतंच असं नाही. सर्वांत मजेशीर चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इतका तो इथला. नाव मात्र मॅनिलकारा झपोटा. मॅनिलकारा हा मल्याळी शब्द, सतराव्या शतकात केरळात तयार झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातून शास्त्रात गेला. झपोटा हा मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला, कारण झाड मूळ तिकडचं. केरळ आणि मेक्सिको एका नावात, आणि बागा डहाणूला.

इथवर इंग्रजी-लॅटिन नावांबद्दल झालं. खरी अडचण येते ती दहावीनंतर. जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या आश्रमशाळेतून किंवा पालघरच्या मराठी शाळेतून पोरगी दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवते. तिला ऑक्सिडीकरण, क्षपण, संयुजा, तंतुकणिका, सूत्री विभाजन सगळं येतं. अकरावी विज्ञानाच्या पहिल्या दिवशी ऑक्सिडेशन, रिडक्शन, व्हॅलेन्सी, मायटोकाँड्रिया, मायटॉसिस सुरू होतं आणि ती गप्प बसते. घरी वारली, शाळेत पुस्तकी मराठी, आता हे तिसरं. तिला विज्ञान येत नाही, असा शिक्का बसायला आठवडा पुरतो. खरं तर तिला दुहेरी फायदा असायला हवा. मायटोकाँड्रिया फोडा: ‘मिटोस’ म्हणजे धागा, ‘काँड्रियन’ म्हणजे कण. तंतुकणिका. मराठी पाठ्यपुस्तकानं भाषांतर इतकं चोख केलं आहे की ग्रीक शब्दाचा अर्थ इंग्रजी माध्यमाच्या मुलाला कळण्याआधी हिला माहीत असतो. अकरावीच्या पहिल्या महिन्यात दोन्ही शब्द शेजारी लिहून दाखवणारा शिक्षक भेटला, तर काम होऊन जातं. तेवढं न करणं ही वर्गाची चूक आहे, मुलीची नव्हे.

क्रोमोसोमच्या बाबतीत हा फायदा एके काळी होता. ‘क्रोमा’ म्हणजे रंग, ‘सोमा’ म्हणजे शरीर. रंगाशी त्याचा काय संबंध, तर पेशीत ती सूत्रं मुळात दिसतच नाहीत. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोरानं ॲनिलीनपासून कोयनेल करायला घेतलं आणि हाती लागला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा कारखानदारी धंदा उभा राहिला, ज्याची एक शाखा आज तारापुरात आहे. वाल्थर फ्लेमिंगनं हे ॲनिलीनचे रंग पेशींवर चढवले, तेव्हा केंद्रकातलं काहीतरी गडद रंगलं. त्यानं त्याला क्रोमॅटिन म्हटलं आणि विभाजनाच्या धाग्यांवरून मायटॉसिस हे नावही दिलं. १८८८ मध्ये वाल्डेयरनं क्रोमोसोम हा शब्द रूढ केला. जुन्या मराठीत त्याला रंगसूत्र म्हणत, पुढे गुणसूत्र आलं. गुणसूत्र अर्थानं जास्त शहाणं, हे खरं. पण रंगसूत्रात त्या शोधाची हकिकत होती, आणि बोईसरच्या पोरांना ती सांगण्यासारखी होती.

भाषांची आणखी एक गाठ इथेच पडते. मराठी पुस्तकात अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण आणि रेणू म्हणजे अणूंचा जोड. हिंदी पुस्तकात परमाणु आणि अणु. म्हणजे मराठीतला अणू हिंदीत परमाणु, आणि हिंदीतला अणु मराठीत रेणू. १९६९ पासून वीज देणाऱ्या इथल्या केंद्राला मराठीत अणुशक्ती केंद्र म्हणतात आणि हिंदीत परमाणु बिजलीघर, ते यामुळे. बोईसरमध्ये मराठी आणि हिंदी माध्यमाची पोरं एकाच शिकवणीला बसतात आणि अणूवरून भांडतात. दोघंही बरोबर असतात.

शेतकऱ्याला मात्र हा गोंधळ नाही. त्याच्या बांधावर नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द इतके मुरले आहेत की १०:२६:२६ म्हटलं की कशाचं किती ते तो सांगतो. फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहून आणणारा. स्फुरद शब्दातही ते चमकणं, स्फुरणं आहे. परिभाषा चालते की नाही हे कोशात ठरत नाही, खताच्या गोणीवर ठरतं.

आणि काही शब्द उच्चाराला सोपे असूनही समजायला अवघड असतात. सीओडी हा त्यातला. वसाहतीतलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं, तिथून पाइपलाइननं नवापूरच्या समुद्रात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं आलं. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गावांत सीओडी-बीओडी हे शब्द ग्रामसभेतही ऐकू येतात. केमिकल ऑक्सिजन डिमांड. यात ऑक्सिजन असल्यामुळे आकडा मोठा म्हणजे पाण्यात प्राणवायू जास्त, असा समज सहज होतो. अर्थ बरोबर उलटा. ही मागणी घाणीची आहे. पाण्यातली घाण पुरती जाळायला किती ऑक्सिजन लागेल, तो हा आकडा, एका लिटरला इतके मिलिग्रॅम. मागणी मोठी म्हणजे घाण जास्त.

मोजणी अशी होते. नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून १५० अंशांवर दोन तास तापवतात. नारिंगी डायक्रोमेट जितकं खर्ची पडेल तितकं ते हिरवट होतं, आणि उरलेलं मोजून सीओडी काढतात. यात बहुतेक सगळं जळतं. बीओडी, म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड, याच्यासाठी आग नाही, जिवाणू लागतात. नमुना बंद बाटलीत २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि जिवाणूंनी त्यातलं खाताना किती प्राणवायू संपवला ते पाहायचं. पहिला आकडा रसायनशास्त्राचा, दुसरा जीवशास्त्राचा. समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी सीओडी २५० च्या आत आणि बीओडी १०० च्या आत असा सर्वसाधारण दंडक आहे. अहवाल हातात आला की बहुतेक जण या दोन मर्यादा पाहून थांबतात. त्यांनी एक भागाकारही करावा. बीओडीला सीओडीनं भागलं आणि उत्तर अर्ध्याच्या आसपास आलं, तर ते पाणी जिवाणूंच्या टाकीत बरंचसं निवळू शकतं. उत्तर एक दशांशाच्या घरात आलं, तर त्यातलं बहुतेक काही जिवाणूंना खाताच येत नाही, आणि मग टाक्या कितीही वाढवल्या तरी पाणी त्यांतून तसंच पुढे जातं.